ठिणगीमावशींची फाटकं

सहलवाल्यानं सकाळीच येऊन मधल्या खोलीत चरखा मांडला, टीव्हीवर चादर टाकली आणि फर्मावलं, "पाहुणे आले की आजी इथं बसतील. सूत काढायचं, फार बोलायचं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचं, आईकडून शिकले."

आजी म्हणजे ठिणगीमावशी. वय एकोणसत्तर. चरख्याला उभ्या जन्मात हात लावलेला नाही. बत्तीस वर्षं वेल्डिंग केलं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे पांढरे ठिपके होते, आणि गल्लीनं नाव ठेवलं ते त्यावरूनच.

"मला सूत काढता येत नाही," त्या म्हणाल्या.

"काढल्यासारखं करायचं, आजी."

"आजी मी माझ्या नातीची. तुझी कधी झाले?"

सून मध्ये पडली. पाहुण्यांची खोली तिनं स्वतः रंगवली होती, पडदे शिवले होते. "सासूबाई, दोनच दिवस. यांच्या सहलीच्या यादीतून आपलं घर गेलं तर इथं राहायला कोण येणार?" तिचा उतरलेला चेहरा बघून मावशी चरख्यापाशी बसल्या.

दुपारी पाहुणे आले, निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. मास्तर कॅमेरा सरसावून उकिडवे बसले. मावशींचा धागा तीनदा तुटला.

"किती छान! कुणाकडून शिकलात हो?" मास्तरांच्या बायकोनं विचारलं.

सहलवाल्यानं भुवया उडवल्या. मावशींच्या डोळ्यांसमोर आई उभी राहिली, डोक्यावर विटांची पाटी घेऊन जिना चढणारी. तिच्या नावावर खोटं बोलायचं? तेही या माणसाच्या सांगण्यावरून?

"माझ्या आईनं जन्मभर विटा वाहिल्या," त्या म्हणाल्या. "चरखा तिनं बघितलाही नसेल. मी आज सकाळी बघितला."

"आजी भारी थट्टेखोर आहेत," सहलवाला हसत म्हणाला.

"थट्टा तू मांडलीयस." मावशींनी चरखा उचलून त्याच्या हातात कोंबला आणि चपला घातल्या. "चला बाई, आमच्याकडं काय चालतं ते दाखवते."

गल्लीत तेवीस फाटकं त्यांच्या हातची. बेकरीवाल्याच्या फाटकापाशी त्या थांबल्या. "हे पहिलं. बाईनं मारलेला वेल्डिंगचा टाका टिकत नाही म्हणून कारखान्याच्या मालकानं वर्षभर मला नुसता लोखंडाचा कीस झाडायला लावला. मग मी भंगारातून हे बनवलं. मालक स्वतः यावर लोंबकळला, चांगला शंभर किलोचा गडी. हललं नाही. लावा हात."

मास्तरांच्या बायकोनं जोडावरून बोट फिरवलं. "मला जमेल?"

कारखाना आता मालकाचा मुलगा चालवतो. मावशींना बघताच त्यानं काही न विचारता वेल्डिंगचे दोन मुखवटे पुढं केले. मावशींनी बाईंचा हात धरून पट्टीला पट्टी जोडून घेतली, जोडावर धरलेली काळी खपली हातोडीनं उडवली. बाई घामानं निथळत होत्या.

"वाकडा आहे," मावशी म्हणाल्या. "पण धरलाय."

बाई अशा हसल्या की मास्तर फोटो काढायचेच विसरले.

घरी सहलवाला फणफणत उभा होता. "तुमचं घर यादीतून काढतोय."

"काढ. माझं नाव नीट लिही पण. आजी नाही, वेल्डर."

त्यानं खरंच घर काढलं. सून चार दिवस कामापुरतंच बोलली. मावशींनीही माफी मागितली नाही. पाचव्या दिवशी सुनेनं भाजी निवडता निवडता विचारलं, "मालक खरंच लोंबकळला होता?" मग मावशी तासभर सांगत राहिल्या. अकरा वर्षं एका घरात राहून हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात मास्तरांच्या बायकोची बहीण बॅग घेऊन दारात उभी राहिली, पत्ता विचारत विचारत आलेली. सुनेनं बॅग हातात घेण्याआधीच सांगून टाकलं, "आमच्या सासूबाई वेल्डर आहेत. गप्प बसत नाहीत, कुणाचं ऐकत नाहीत. चालणार असेल तर या आत."