आणखी अर्धा पीळ

"हे रॅकवाले दरवर्षी पेटी बोटभर आखूड करतात आणि वर म्हणतात, नवीन मॉडेल!" रॅकच्या आतून बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, आवाज आला. बाहेर दिसत होत्या फक्त दोन चपला आणि अर्धी पाठ. "माणसानं आत शिरायचं की मांजरानं?"

"मांजरानं," स्टुलावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "त्याला निदान पोट आत घेता येतं."

सूनबाईनं हसू गिळलं आणि हातातल्या मीटरकडे पाहिलं.

रॅक म्हणजे यंत्रं एकावर एक रचायचं लोखंडी कपाट. यंत्रं दुसरेच कोणी आणत. त्या प्रत्येकाला वीज नीट पोचवायची, हे या घराचं काम. मुलगा लोखंडाला भोकं पाडी, बाबा तारा लावत, सासूबाई तारांवर नंबरांच्या इवल्या नळ्या चढवत आणि शेवटी सूनबाई सगळं तपासून पाही. लग्न होऊन आली तेव्हा तिला बल्बसुद्धा बदलता येत नव्हता. शिकवलं ते बाबांनी. विजेच्या तारा एका बाजूनं, यंत्रांचे निरोप नेणाऱ्या तारा दुसऱ्या बाजूनं, कारण "दोघी जावा एका ओट्यावर नकोत." लोखंडातून तार काढली की भोकाला रबराची कडी. दाराला स्वतःची अर्थिंगची तार, तीही जरा ऐसपैस, दार उघडताना ओढ बसू नये म्हणून. आणि स्क्रू घट्ट. "सैल स्क्रूनं तार तापते. घर जाळायला वैरी लागत नाही पोरी, एक सैल स्क्रू पुरतो."

बाबांनी लावलेल्या तारा बघाव्यात. तेल लावून विंचरलेल्या केसांसारख्या सरळ, वळणावर सगळ्या एकदम वळणाऱ्या. पण गेल्या वर्षी एकदा तपासताना तिनं तार ओढली आणि ती अलगद हातात आली. दोन दिवसांनी दुसरी. नंतर बाबा अंगठा चोळत बसलेले दिसले. ज्यांनी हातात स्क्रूड्रायव्हर धरायला शिकवलं, त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन स्क्रूंना गुपचूप अर्धा पीळ दिला की झालं. ना वाद, ना वाईटपणा.

आजचा रॅक इस्पितळात जायचा होता. तपासनीस आला. प्रत्येक गोष्टीवर बोटानं वाजवून बघायच्या सवयीमुळे घरात त्याचं नाव टकटक. त्यानं दार वाजवलं, पट्ट्या वाजवल्या, मान डोलावली. मग एक तार धरून ओढली. तारेबरोबर टर्मिनलचा, म्हणजे तार स्क्रूनं आवळायच्या खाचेचा, तुकडाच त्याच्या हातात आला.

"हे कोणी आवळलंय?"

"मी," बाबा म्हणाले. "माझ्या स्क्रूला दुसरं कोणी हात लावत नाही."

"काका, तार आवळायची असते, तिचा गळा नाही दाबायचा! आतले निम्मे तांब्याचे धागे तुटलेत बघा. उरलेल्यांवर सगळा भार, म्हणजे तेही तापणारच. किती जोरानं आवळायचं याचा नियमात आकडा दिलाय तो काय शोभेला? सगळे स्क्रू नव्यानं बसवा. संध्याकाळी येतो. आणि जरा हात आवरा, या वयात एवढा जोर बरा नव्हे."

टकटक गेला. सूनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, तर तो कान खाजवत होता. सासूबाई बंद पंख्याकडे अशा बघत होत्या, जणू तो फिरतोय.

बाहेर नळापाशी तिनं दोघांना गाठलं. "अहो, तुम्हीसुद्धा?"

"संध्याकाळी बाबा हात धुवायला गेले की. थोडासाच. अर्धा पीळ."

"मी दुपारी, ते लवंडले की," सासूबाई म्हणाल्या. "पण म्हातारीचा जोर तो केवढा!"

"आई, तू पिळलेले कपडे फाटतात!"

"आणि मी सकाळी," सूनबाई म्हणाली, आणि मग तिघंही नळाला धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. एका स्क्रूमागे चार माणसं! टर्मिनल फुटेल नाही तर काय?

"आजपासून एकट्या तूच आवळ," नवरा डोळे पुसत म्हणाला. "मिटलं."

आतून बाबांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. टकटकच्या बोलण्यानं स्वारी भलतीच खुलली होती. "ऐकलंस का गं?" त्यांनी बायकोला हाक मारली. "या वयात एवढा जोर! आता मी स्क्रू नुसता टेकवणार. यापुढे असंच!"

तिघांचं हसू थांबलं.

"आता मुद्दाम सैल ठेवणार ते," सूनबाई म्हणाली. "आणि मी एखाद दिवशी आजारी पडले तर? तिथं माणसं झोपलेली असतील त्या यंत्रांच्या भरवशावर. सांगायलाच हवं. तुम्ही मुलगा आहात, तुम्ही सांगा."

"आई सांगेल."

"मी? इतक्या वर्षांचा संसार मोडायचाय का मला?" सासूबाईंनी हात झटकले. "सूनबाईचं ऐकतात ते."

"वा! वाईटपणा घ्यायला सून बरी आठवते."

पण गेली तीच. बाबांनी फुटकं टर्मिनल बदललं होतं, तारांची टोकं नव्यानं सोलली होती आणि पुन्हा सगळ्या कशा विंचरल्यासारख्या बसवल्या होत्या. ती शेजारी पाट घेऊन बसली.

"बघ पोरी, ताकद दाखवायची नसते, राखायची असते," त्यांनी स्क्रूवरून हात काढला आणि तिला शिकवल्याप्रमाणे तार ओढून पाहिली. ती अलगद त्यांच्या हातात आली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. दारात सासूबाई आणि नवरा कोरडेच हात पुसत उभे होते.

"जरा जास्तच हलका पडला," बाबा हसले. बाकी कोणी हसलं नाही.

सूनबाईनं त्यांच्या हातातली तार हळूच आपल्या हातात घेतली.

"हलका नाही पडला, बाबा. तुमच्या हातात आता जोर राहिलेला नाही. वर्षभर तुमचे स्क्रू आम्ही तिघं चोरून आवळतोय. तारा तुम्हीच लावायच्या, तशा कोणाच्या बापाला जमत नाहीत. पण आवळणार मी, आणि तेही तुमच्या डोळ्यांसमोर."