मांडीवरचा पिवळा फ्रॉक

प्रदर्शन पाच वाजता उघडणार होतं आणि तीन वाजले तरी दालनाचे पडदे जमिनीवर लोळत होते, म्हणून शिंपीणबाईंना बोलावलं होतं. ओठांत टाचण्या धरून त्या कड दुमडत होत्या. शेजारच्या भिंतीवर चित्रकाराची मुलगी वडिलांच्या चित्राखाली माहितीचं कार्ड चिकटवत होती.

चित्र साधंच. खिडकीतून आलेलं तिरपं ऊन, खुर्चीत मान खाली घालून बसलेली आई, मांडीवर इवलासा पिवळा फ्रॉक. कोपऱ्यातली तारीख मुलीच्या जन्माआधी चार महिन्यांची. वडिलांनी नाव दिलं होतं नुसतं ‘दुपार’. बाकीचा अर्थ मुलीनं लावला होता: आई माझ्यासाठी फ्रॉक शिवते आहे. लहानपणी कुणी रागावलं की ती या चित्रासमोर येऊन बसायची. आपली इतकी वाट पाहिली गेली, ही शिदोरी तिला साठ वर्षं पुरली होती. कार्डावरही तेच छापलं होतं: ‘पहिल्या बाळाची वाट पाहणारं घर.’

शिंपीणबाईंनी वर पाहिलं आणि टाचण्या तळहातावर काढून घेतल्या.

“बाई, या शिवत नाहीयेत. उसवतायत.”

मुलगी हसली. तुम्हाला आपलं सगळीकडे कापडच दिसतं, म्हणाली. शिंपीणबाई रागावल्या नाहीत. चित्रापासून वीतभर लांब बोट धरून त्यांनी दाखवलं. चिमटीत चमकतंय ती सुई नव्हे, ब्लेडचं पातं. रिळाचा दोरा सरळ पडतो. मांडीवरचे हे दोऱ्याचे तुकडे नागमोडी आहेत, म्हणजे टाक्यांतून ओढलेले. एक बाही तर सुटून खुर्चीच्या हातावर पडली आहे.

“सैल करत असेल.”

“सैल करायला बाही कोण काढतं? आणि घेरावरची ही रेघ बघा. कड एकदा खाली सोडलीय. मूल उंच झालं की सोडतात. हा फ्रॉक कुणीतरी घातलाय, बाई.”

मुलगी चित्राला नाक लावून उभी राहिली. बाही होती. रेघ होती. ‘दिसतं ते काढा, माहीत आहे ते नको,’ असं तिनं शाळेत चित्रकलेच्या तासाला तीस वर्षं पोरांना बजावलं होतं.

तिनं आत्याला फोन लावून तो फ्रॉक कुणाचा होता, ते विचारलं. आत्यानं आधी ऐकू येत नाही असं सांगून पाहिलं.

“दादानं शपथ घातली होती गं,” ती शेवटी म्हणाली.

तुझी थोरली बहीण अडीच वर्षांची होती. तीन दिवसांच्या तापात गेली. तू पोटात होतीस. येणाऱ्या जिवावर सावली नको म्हणून घरात तिचं नाव काढायचं नाही असं ठरलं. ती होती तोवर रोज घरात चित्रं काढणाऱ्या दादानं त्यानंतर घरातलं हे एकच चित्र काढलं.

“मग हे तरी कशाला काढलं?”

“कुठेतरी ठेवायलाच हवी होती ना तिला.”

त्या कापडाचं पुढे काय झालं, हे विचारायला मुलीनं तोंड उघडलं आणि तिचं तिलाच आठवलं. तिच्या उशीचा पिवळा अभ्रा. त्याच्या मधोमध एक फिकट रेघ होती. चौथीत जाईपर्यंत त्या रेघेवर बोट फिरवल्याशिवाय तिला झोप लागत नसे.

तिनं फोन ठेवला. पेन काढून कार्डावरच्या ‘पहिल्या’ या शब्दावर काट मारली. उरलेलं वाक्य वाचलं. मग कार्डच भिंतीवरून सोलून काढलं.