खोलीत दिवा नाही

उशीजवळ लाल बटण.

पडद्यावर डावीकडे माणसांची वाक्यं, उजवीकडे गणिताची. मधे बाण.

पाण्याचा ग्लास, हात पोचतो त्याच्या वीतभर पलीकडे.

"तुझी ती बेल बंद पडलीय गं," बाबा म्हणाले होते.

पडद्यावर सगळं हिरवं, म्हणजे सिद्ध झालेलं.

तिचं काम बाणांचं. कंपनी वृद्धाश्रमांसाठी बेलची यंत्रणा बनवत होती. तिथल्या माणसांनी जे जे मागितलं ते गणिताच्या भाषेतल्या आराखड्यात उतरलंय की नाही, हे ती एकेक बाण धरून तपासायची. आराखडा लिहिणाऱ्याला सगळे गणिती म्हणत. चाचणीसाठी यंत्रणा ज्या वृद्धाश्रमात बसवली होती, तिथेच तिचे बाबा राहत. घराला आता तीच कुलूप लावायची आणि तीच उघडायची.

रविवारी बाबा कुरकुरले होते. "दाबून दाबून बोट दुखलं. मेलीय ती बेल. आता नाही दाबत मी." "बघते हं," म्हणून तिने वेळ मारून नेली. सिस्टर दारात हसली होती. "आजोबा तर सारखे वाजवायचे! अहो, येतच होते की मी. हातातलं टाकून कशी येणार?"

आज आराखड्यावर शेवटची सही. एका बाणापाशी ती अडली. डावीकडे कुण्या आजींचं वाक्य: ‘दाबल्यावर मला कळायला हवं की कुणीतरी ऐकलंय.’ उजवीकडे: बटण दाबलं की दिवा लागतो, नेहमी.

"गणिती, हा दिवा लागतो कुठे?"

"सिस्टरच्या टेबलावर."

"आणि खोलीत?"

"खोलीत कशाला? आपण दाबलंय हे दाबणाऱ्याला माहीत असतंच की!"

"पण कुणी ऐकलंय हे?"

"बाई, सिद्ध झालंय ते. उद्या माल जायचाय. आता खुसपट काढू नकोस."

सिद्ध झालं होतं, त्यात खोट नव्हती. फक्त आजींनी मागितलेलं तेवढं वाटेत गळून पडलं होतं.

तिने बाण तोडला. पडद्यावरची एक हिरवी ओळ लाल झाली, मग तिच्यावर टेकलेल्या सगळ्याच. गणितीने कपाळाला हात लावला. "झालं! साहेबांना तूच सांग आता."

सांगून, बोलणी खाऊन ती बाबांकडे गेली. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिने ग्लास त्यांच्या हातात दिला, बटण उशीवर सरकवलं.

"बाबा, एकदाच दाबा. मी टेबलापाशी उभी राहते. दिवा लागला की तिथून हाक मारते."

"कशाला उगाच?"

"माझ्यासाठी."

त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. ती लांबलचक व्हरांडा ओलांडून टेबलापाशी गेली. सिस्टर कुठेतरी आत होती. बाबांच्या खोलीच्या आकड्याखाली बोंडाएवढा दिवा होता. त्याच्यावर नजर लावून ती उभी राहिली. हाक ओठांवर तयार होती. पाय भरून आले, दिवा लागला नाही, तरी ती हलली नाही.

बेल पहिल्या दिवसापासून नीट चालत होती.