काटा बिघडला होता म्हणा

निळ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये तो स्क्रूड्रायव्हर एकटाच पडला होता. करंगळीएवढा, पितळी, मुठीला बोटं घासून घासून आलेली चमक… आणि दारावरचा शिपाई म्हणत होता, "हे आत नेता येणार नाही, मॅम. जाताना घेऊन जा." जणू व्हर्लीन त्या टीचभर वस्तूने न्यायाधीशांचा कोथळाच काढणार होती. पर्समधून काढायचा राहून गेला, असं ती शिपायाला म्हणाली. राहून गेला नव्हता. डॅडींना पुरल्यापासून तो तिथेच होता. शिपायाने ट्रे पायाने टेबलाखाली ढकलला. पायाने! तिची कानशिलं तापली, आत येऊन बाकावर बसल्यावरही निवली नाहीत.

कोर्ट सुसाट गाडी हाकताना पकडलेल्या माणसांनी भरलं होतं आणि समोर मिस बॉइड, सरकारी वकील, एकेकाचं नाव पुकारत होती. माणूस उठायचा, न्यायाधीशांसमोर टोपी काढायचा, स्पीडोमीटर बिघडला होता म्हणायचा, दंड भरायच्या खिडकीकडे निघून जायचा. पाद्र्याच्या बायकोचा बिघडला होता. ख्रिसमसची झाडं विकणाऱ्या त्या लठ्ठ माणसाचा बिघडला होता, आणि कोऱ्या करकरीत गाडीतून आलेल्या टायवाल्या पोराचाही बिघडला होता. परगण्यातले यच्चयावत काटे एकाच उन्हाळ्यात नासले होते! खोटं आहे हे न्यायाधीशांना ठाऊक, पोलिसांना ठाऊक, भिंतीवरच्या झेंड्यालाही ठाऊक असावं. लग्नातल्या रुसव्यासारखं, कुणी खरं मानत नाही आणि तरी करायचं. कॅरोलिनात हे असंच चालत आलं होतं आणि व्हर्लीनलाही त्यात आजवर काही वावगं वाटलं नव्हतं. नवऱ्याच्या वेळी तिनेच त्याला पढवून पाठवलं होतं.

पण ती नवऱ्याची गाडी होती.

"मिसेस हेन्स्ली," मघाशी बाहेर मिस बॉइड म्हणाली होती, "ताशी पंचावन्न मैलांच्या रस्त्यावर अठ्ठ्याहत्तर. गुन्हा कबूल केलात तर परवाना जातो. शाळेची बस चालवता ना तुम्ही? मग कशाला? काटा बिघडला होता म्हणा. सदोष उपकरण. दोन शब्द, की नुसत्या दंडावर सुटलात." आणि तिने डोळा मिचकावला. मुलगी चांगली होती, भलं करायलाच आली होती, आणि व्हर्लीनला तिच्या तोंडात एक ठेवून द्यावीशी वाटली.

सदोष उपकरण… कुणाचं उपकरण? त्या दिवशी ती चालवत होती तो ट्रक डॅडींचा. त्यांनी उभ्या खोऱ्याचे स्पीडोमीटर दुरुस्त केले, आणि स्वतःच्या ट्रकचा तर गेल्या हिवाळ्यात, हात थरथरत असताना, याच स्क्रूड्रायव्हरने खोलला. मग तिला चालवायला बसवलं. शेजारी स्वतः मनगटी घड्याळ डोळ्यांपाशी धरून. मैलाचा एक दगड गेला, दुसरा गेला, परत वळव, पुन्हा, पुन्हा… काटा आणि घड्याळ जुळेपर्यंत तिला घरी जाऊ दिलं नाही. "घड्याळाला आणि काट्याला भीड नसते, व्हर्ली," म्हणाले होते, "माणसाला असते." आणि आता मी उठून या भरल्या सभेत सांगायचं की म्हाताऱ्याला काम जमलं नाही. मेलेल्या माणसाच्या हातांवर बोट ठेवायचं, तेही डोळा मिचकावून.

मग गुन्हा कबूल म्हणावं? कसला गुन्हा, बापाकडे जायचा? बस जाईल, नव्या रस्त्याच्या टोकाला पोरं दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहत उभी राहतील, आणि का? तर त्या सकाळी पोरांना शाळेत सोडून ती परतते तोच शुश्रूषागृहातून फोन आला की आता निघा. आणि ती निघाली. आणि चर्चच्या चढावर आरशात निळे दिवे लागले. नाकबूल म्हणावं, तर तेही खोटंच. ती सुसाट चालली होती. काट्याकडे पाहूनच चालली होती.

"माझे वडील जाताहेत," तिने त्याला सांगितलं होतं. पोलीस कसला, पोरगाच तो, छातीवर टीग असं नाव, गालावर वस्तऱ्याचं कापलेलं. "वाईट वाटतं, मॅम. पण इथंच थांबा," म्हणाला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. नुसता बसला. आरशात त्याची मान खाली गेलेली दिसत होती, काहीतरी लिहितोय, हळूहळू, शाळेत शुद्धलेखन लिहावं तसा… ती पोचली तेव्हा नर्सने डॅडींचे केस विंचरून ठेवले होते. भांग उलट्या बाजूला. जन्मभर डावीकडे पाडलेला भांग तिने उजवीकडे पाडला होता, आणि ते कुणी परकेच गृहस्थ दिसत होते, बँकेतले वगैरे. त्या भांगाचा राग अजून गेला नव्हता. तो पोरगा तेवढा वेळ लिहीत बसला नसता तर तो भांग मी पाडला असता.

"तोंडानं म्हणायचं फक्त," शेजारून नडीन कुजबुजली. धाकटी बहीण, नोकरीवर रजा टाकून सोबतीला आलेली. "असा चेहरा करून बसू नकोस, बाई. डॅडी काही ऐकायला येत नाहीत."

"म्हणूनच तर."

"म्हणूनच तर काय? बस गेल्यावर काय करशील? म्हणे काट्याची अब्रू! त्यांनी स्वतःच म्हटलं असतं, म्हण गं, घरी जाऊ."

नसतं म्हटलं. नडीनला कधी ट्रकमध्ये बसवून दगड मोजायला लावलं नव्हतं, तिला काय माहीत. व्हर्लीन बहिणीपासून थोडी सरकून बसली, पर्स घट्ट धरून. हलकी झालेली पर्स.

तेवढ्यात कुणीतरी बाकाशी येऊन थांबलं. बूट आधी दिसले, चकचकीत, मग खाकी पॅन्ट, मग टोपी हातात धरलेला तोच पोरगा. टीग. इतके दिवस मनातल्या मनात हा समोर आला की काय काय ऐकवायचं ते तिने घोळवून ठेवलं होतं. भांडी घासताना, बसच्या काचा पुसताना, एकेक शब्द पारखून. तो वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅम, ओळखलं मी तुम्हाला. तुमचे वडील… बरे आहेत ना आता?"

त्याला माहीतच नव्हतं.

"बरे आहेत," व्हर्लीन म्हणाली. "थँक यू."

"बरं वाटलं ऐकून." त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "रोज त्या चढावरून जाताना आठवण यायची." आणि तो जाऊन भिंतीशी उभा राहिला.

नडीन तिच्याकडे बघतच राहिली. व्हर्लीन समोर बघत राहिली. कसं आलं ते तोंडातून? इतकं सहज, तिच्याही नकळत. दारात आलेल्याला बसा म्हणावं तसं. ज्याच्यावर दात खात ती या बाकापर्यंत आली, त्याचीच भीड पडली… आणि वाईट हे, की म्हणताना क्षणभर ते बरे होते. ट्रकमध्ये शेजारी, घड्याळ डोळ्यांपाशी, "वळव परत." तिने आतल्या आत राग चाचपून पाहिला, मघापर्यंत होता, चांगला धगधगता होता, त्याला टेकून तर ती बसली होती. तो जागेवर नव्हता. तिथे नुसतं पोकळ होतं, आणि त्या पोकळीची तिला भीती वाटली.

"व्हर्लीन हेन्स्ली."

ती उठली. पाय चालत गेले. न्यायाधीश म्हातारे, चष्म्यावरून पाहणारे; मिस बॉइडने त्यांच्या कानाशी काही सांगितलं, आणि तिला मान हलवून खुणावलं, हं, म्हणा. समोरच्या भिंतीशी तो पोरगा टोपी धरून उभा होता, आणि तिच्याकडे पाहून ओळखीचं, अगदी घरच्यासारखं हसला.

"काय, मॅम," न्यायाधीशांनी विचारलं, "तुमचाही काटा बिघडला होता का?"

ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. भिंतीशी उभ्या असलेल्या, मघाशी 'बरे आहेत ना' विचारून गेलेल्या त्या पोराकडे पाहत होती.

"नाही," ती म्हणाली, आणि हे उत्तर आपण कुणाच्या प्रश्नाला दिलं हे तिला कळायच्या आधीच त्या पोराचं हसू विरत गेलेलं तिने पाहिलं.