होडीला पाडलेलं भोक

मी एक जुनी, सपाट बुडाची होडी आहे, आणि मी हायवेवर मासा धरलेला आहे. बसणार नाही मित्रांनो तुमचा विश्वास. कुणाचाच बसत नाही. ज्या म्हशी रोज माझ्यात तोंड घालून वैरण खातात, त्यांचासुद्धा बसत नाही. तरी सांगते, कारण रविराजनं सकाळीच ड्रिल बाहेर काढलंय. माझ्या तळाला आज दुसरं भोक पडणार आहे. वायर गोठ्यापर्यंत पुरली नाही म्हणून तो लांब वायर आणायला गेलाय, तेवढाच काय तो वेळ. त्याची मुलगी ऋतिका मैत्रिणींना घेऊन माझ्याच काठावर शेंगा खात बसलीय. तुम्हीही बसा. टरफलं मात्र आत टाकू नका. सगळेच टाकतात.

माझा जन्म कारवारकडच्या एका उथळ खाडीवरचा. आंब्याच्या फळ्या, काथ्याची शिवण, वरून काजूच्या टरफलाचं काळं तेल. बूड मुद्दाम सपाट. ओहोटी लागली की मोठ्या होड्या चिखलात रुतून बसायच्या आणि मी गुडघाभर पाण्यावरून साबणाच्या वडीसारखी सरकत जायची. माझा पहिला धनी शामू मागं उभा राहून बांबूनं रेटायचा. बांबू पाण्यावर आपटला की शेवटे घाबरून उड्या मारतात. मासे हो, शेवटे. निम्मे माझ्यातच पडायचे. एकदा इतके पडले, की शामूला उभं राहायला जागा उरली नाही. तो पोहत घरी गेला आणि मासे होडीतून आले.

ऋतिका, भुवया खाली कर.

पुढं शामूनं इंजिनाची होडी घेतली आणि मला वाळूवर पालथं घातलं. तिथं मला मारुतीरावांनी पाहिलं. हे कोगनोळीकडचे ऊसवाले, ऋतिकाचे आजोबा. गूळ पोचवायला टेम्पो घेऊन आले होते. परत रिकामी गाडी न्यायचं त्यांच्या जिवावर आलं. दोन ढेपा गुळाच्या बदल्यात मी घाट चढले! दारात टेम्पो थांबला तेव्हा ऋतिकाची आज्जी, दुर्गाबाई, भाकरी टाकून बाहेर आल्या.

"आवं, ह्ये काय आणलासा?"

"होडी."

"नदीत मासं धराय जाणार हाईसा व्हय आता?"

"न्हाय गं. म्हशीला. लांबी बघ की, दोन म्हशी आरामात खात्यात!"

अशी मी गव्हाण झाले. वर मला खुंटीला कासऱ्यानं आखडून बांधलं, म्हणजे मी रात्री उठून कुणाच्या उसात शिरणारच होते! तेही सोसलं असतं मी. पण मला धुतल्यावर पाणी साचतं म्हणून रविराजनं तळाला अंगठाभर भोक पाडलं. मित्रांनो, पाणी आत येऊ नये एवढ्यासाठी माझा जन्म. आणि या माणसांनी पाणी बाहेर जावं म्हणून मला भोक पाडलं! सांगायचं तरी कुणाला? म्हशींना?

मग महापूर आला. एका सकाळी दूधगंगा गोठ्यात शिरली. म्हशी आदल्या दिवशीच हलवल्या होत्या, माणसं तेवढी मागं राहिली होती. शेजारच्या जयाबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना चालवेना. बचावाची मोठी बोट आली, पण तिच्या पंख्यात उसाची पाती गुंतली आणि ती फडातच गरगरत राहिली. तेव्हा कुठं यांना आठवलं, की गव्हाण म्हणजे होडी आहे. रविराजनं विळ्यानं कासरा तोडला. केळीला टेकू दिलेला बांबू उपटला. जयाबाई, दुर्गाबाई आणि त्यांच्या मांडीवर एवढीशी ऋतिका, सगळ्यांना घेऊन मी निघाले. उसावरून, कुंपणावरून, कुठं कमरेएवढं पाणी, कुठं नुसता चिखल. माझी खाडीच होती ती!

हायवेच्या कडेला पोलीस ओरडला, "निल्लरी, थांबा! रस्ता बंद आहे!"

"साहेब, रस्ता हाय कुठं?" रविराज म्हणाला आणि त्यानं बांबू आपटला. तशी कुणाच्या तरी शेततळ्यातली कटला मासळी उडाली आणि थेट जयाबाईंच्या ओटीत पडली. हायवेवर. पोलिसानं पाहिलंय.

पाणी उतरल्यावर माझी काय वाहवा झाली! मारुतीरावांनी नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. "उन्हाळ्यात भोक बुजवून घेऊ," म्हणाले. उन्हाळे आले, गेले. आठवड्यात म्हशी परत माझ्यात तोंड घालून उभ्या राहिल्या. आता पहिलं भोक वैरणीनं तुंबतं, म्हणून दुसरं! मित्रांनो, होडी कोरडी दिसली म्हणून तिला गव्हाण समजू नका. "मी परत येणार नाही," असं नदीनं अजून कुणाला लिहून दिलेलं नाही.

तो बघा, रविराज वायर घेऊन आला.

काय म्हणालीस, ऋतिका? भोक होतं तर मी बुडाले कशी नाही? अगं, मी श्वास रोखला. फळ्या अशा आवळल्या, की भोक मिटलं. वाटभर एक थेंब आत येऊ दिला नाही. एकटीनं. कुणाची मदत म्हणून...

"खोटं! साफ खोटं!" ऋतिका शेंगा टाकून उठली. "आज्जीनं वाटभर भोकावर टाच दाबून धरली हुती. अजून वण हाय तिच्या टाचंला, रोज दावती मला!" तिनं वैरण बाजूला सारली आणि भोकात बोट घातलं. "आन् ह्ये बघा, अजून तसंच हाय की! पप्पा, ठेवा ते ड्रिल खाली. आज्जीला टाचा दोन हायत म्हणून दुसरं भोक पाडाय लागलाय व्हय?"