गुलामीचा डबा

रविवारी सकाळी नऊ वाजता त्या बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दुकानदाराने सोफे नेले, पण भिंतीवरची पाटी काढायची राहून गेली होती. त्यामुळे हातगुणी ज्या खुर्चीत बसायचे, तिच्या बरोब्बर वर लिहिलेलं होतं : दहा वर्षांची गॅरंटी. त्याचं हसू येणारी बहुतेक मी एकटीच होते.

हातगुणी म्हणजे गर्दचं, त्या ब्राउन शुगरचं, व्यसन नुसता हात ठेवून सोडवणारे. पांढरा सदरा, मधाळ आवाज. दाराशी एक स्टीलचा डबा असायचा, वर फट, समोर लाल अक्षरं : गुलामी इथे टाका. नवा रोगी आला की गर्दची तलफ थांबवायला दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या त्याने फटीतून आत टाकायच्या. मग हातगुणी मागच्या खोलीतून कागदाची पुडी आणायचे, पांढरी चिमूट त्याच्या जिभेखाली ठेवायचे आणि डोक्यावर हात. "गिळू नकोस, बाळा. बोलू नकोस. पाप विरघळू दे." आणि खरंच, थरथरत आलेला माणूस तासाभरात शांत व्हायचा. बायका डोळे पुसायच्या. जाताना आठवडाभराच्या पुड्या घरी मिळायच्या. मग सगळ्यांपुढे ते एका वेल्डरला उभं करून म्हणायचे, हा माझा पहिला मुलगा, गर्दही सुटली आणि गोळीही.

माझ्या दादाची गोळीही त्या डब्यात गेली, ती आईमुळे. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दोन वर्षं गर्दमध्ये घालवल्यावर दवाखान्याच्या गोळीवर तो उभा राहिला होता. कामावर जायचा, जेवायचा, मला गणितावरून चिडवायचा. पण आई शिवणकामाच्या कारखान्यात काम करते, आणि तिथल्या बायका विचारायच्या, अजून गोळ्याच का? हे व्यसनच की, फक्त सरकारमान्य. आईला ते लागलं. तिने दादाला हाताला धरून आणलं.

तीन आठवडे दादा छान होता. मग वेल्डर गेला. वर्कशॉपमध्ये यंत्राशेजारी सापडला, पुन्हा गर्द घेतली होती. हातगुणींनी डोळे मिटून सांगितलं, त्याची श्रद्धा कमी पडली. लोकांनी माना डोलावल्या. आणि त्याच आठवड्यात दादाला जांभया सुरू झाल्या, नाक गळायला लागलं, पाय झोपेत लाथा मारायला लागले. चिमूट रोज चालूच होती. आई म्हणाली, पाप बाहेर पडतंय.

मी यंदाच वर्गात हात वर करायला शिकले आहे. आधी उत्तर येत असूनही बाकाकडे बघत बसायचे. आता सवयच लागली, म्हणून शाळा सुटल्यावर सरळ दवाखान्यात गेले आणि सिस्टरना सगळं सांगितलं. त्या गोळ्यांचा हिशेब लिहीत होत्या, पेन थांबलं.

"चिमूट गिळायची, का जिभेखाली?"

"जिभेखाली. आणि बोलायचं नाही."

दवाखान्यात सुरुवातीला दादा रोज तेच करायचा, गोळ्या घरी मिळायला लागल्या त्या नंतर. गोळी जिभेखाली, दहा मिनिटं खुर्चीत गप्प. गिळली तर ती गोळी जवळपास वायाच. सिस्टरनी मला ते औषध ओळखणाऱ्या तीन पट्ट्या दिल्या आणि त्या कशा वाचायच्या ते शिकवलं. ही पट्टी उलटी बोलते. रेघ उमटली तर औषध नाही, रेघ नाही उमटली तर औषध आहे.

रविवारी मी तीन कागदी पेले आणि पाण्याची बाटली घेऊन हातगुणींच्या पुढ्यात गेले. दादाला नवी पुडी मिळाली, तिच्यातली चिमूट पहिल्या पेल्यात टाकली. त्याच दिवशी नवीन आलेल्या बसचालकाच्या बायकोकडून तिच्या नवऱ्याच्या पुडीतली थोडी मागून घेतली, ती दुसऱ्यात. पट्ट्या बुडवल्या. दादाच्या पेल्यात रेघ उमटली. बसचालकाच्या पेल्यात नाही.

मी मोठ्याने सांगितलं, की बसचालकाच्या पेल्यात दवाखान्याचं औषध आहे आणि दादाच्या पेल्यात नुसती साखर.

हातगुणी कच्च्या गुरूचे चेले नव्हते. दोन्ही पट्ट्या उंच धरून ते हसले. "बघा. लहान मुलीने माझी परीक्षा घेतली. नव्याच्या पापाची रेघ मी पुसली. हिच्या भावाची श्रद्धा डळमळली, म्हणून रेघ राहिली."

टाळ्या पडल्या. आईनेही वाजवल्या.

तेव्हा दादा उठला. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. कामाच्या पिशवीतून त्याने पान्यांची डबी काढली आणि पान्यांखालून एक गोळी. सगळ्या गोळ्या डब्यात टाकताना त्याने एक मागे ठेवली होती. "भीती वाटली होती," एवढंच म्हणाला.

मी तिचे दोन तुकडे केले. एक तिसऱ्या पेल्यात विरघळवला, पट्टी बुडवली. रेघ आली नाही.

"मग रेघ मलाही पुसता येते," मी म्हणाले. "माझ्या पाया पडता का?"

उरलेला तुकडा दादाने सगळ्यांसमोर जिभेखाली ठेवला आणि खाली बसला. अर्ध्या-पाऊण तासाने त्याचे पाय हलायचे थांबले. डोक्यावर कुणाचाही हात नव्हता.

तोवर बसचालकाने डबा उपडा केला होता. आतून त्याचीच दोन पाकिटं पडली, बाकी रिकामा. मागच्या खोलीत खलबत्ता होता, पिठीसाखर होती आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं. नवा माणूस टाकायचा, हातगुणी कुटायचा, जुन्यांना वाटायचा. सगळ्यांनी दवाखाना सोडल्यावर डब्यात पडणार काय? जे थोडं होतं ते चमत्कार दाखवायला नव्यांना, जुन्यांच्या वाट्याला साखर उरली. औषध तुटलं की तलफ परत येते, आणि अंगाची सवय मोडलेली असते. जुन्या मापाने गर्द घेतली की माणूस मरतो. वेल्डरची श्रद्धा कमी पडली नव्हती. गोळी कमी पडली होती.

या गोंधळात हातगुणी मागच्या दाराने पसार झाला. पाटी अजून तिथेच आहे.

सगळे पांगल्यावर वेल्डरची आई माझ्याकडे आली. म्हातारीने हलक्या आवाजात विचारलं, "म्हणजे पोरी, ज्याने तो जगत होता, ते मीच या डब्यात टाकलं?"

मला उत्तर येत होतं. मी हात वर केला नाही.

चष्मेवाल्याला कुणी काचेचा गुलाम म्हणत नाही. मग आजारी माणसाच्या औषधाला गुलामी म्हणायला आपली जीभ कशी रेटते? चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी विचारा, पुडीत काय आहे, कुठून आलं आणि उद्याही मिळेल का. गोळी बंद करायची की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या. कारखान्यातल्या बायकांना नको.

दादा आता रोज सकाळी दवाखान्याच्या रांगेत उभा असतो. परवा आई त्याच्याबरोबर गेली. ओळखीचं कुणी दिसलं की तोंड फिरवत होती, पण रांग सोडली नाही.