तळहातावरचा कापूर

विमलाने शिबिरातलं स्वयंपाकाचं काम धरलं ते जान्हवीला घराबाहेर काढायला. पंधरा वर्षांची पोर दिवसभर बापाच्या तावडीत राहिली तर एक दिवस जिवानिशी जाईल, हे तिला दिवाळीतच कळून चुकलं होतं. तिचा नवरा बाबली होडीवरून आला आणि आंघोळीचं पाणी निवलेलं मिळालं, एवढ्यावरून त्याने पोरीला ओल्या दोराने मारलं. दोराची गाठ भुवईवर बसली, डोळा थोडक्यात वाचला. विहिरीवर पाय घसरला असं गावाला सांगितलं, आणि गावानेही ते मानून घेतलं. गावाला असल्या गोष्टी मानून घ्यायला फार वेळ लागत नाही.

शिबिर सुरूच्या बनात होतं. २००५ चा जानेवारी. पुण्याची अक्षदाताई वीस-बावीस माणसं घेऊन आली होती, त्यांत दोघं जर्मन. सकाळी ढोलावर नाच चाले. तिकडे सैबेरियातले मांत्रिक म्हणे असेच नाचतात, अंगात जनावर संचारेपर्यंत. कुणाच्या अंगात घार यायची, कुणाच्या अस्वल. पुण्याचा एक बँकेतला साहेब रोज वाळूत चार पायांवर रांगायचा. मग घंटा वाजायची आणि तीच माणसं बुद्धाच्या मूर्तीपुढे मांडी घालून डोळे मिटायची ती थेट दुपारपर्यंत. पायाला मुंग्या येवोत, पाठ फुटो, हलायचं नाही. “दुखणं आलं की त्याच्याकडे बघत राहा,” अक्षदाताई सांगायची. “ते येतं आणि जातं.” समुद्र वीस पावलांवर आणि दहा दिवस जेवायला दुधी, हे मात्र विमलाला शेवटपर्यंत समजलं नाही.

न हलण्याचं तर तिला हसूच यायचं. मार खाताना हललं की जास्त बसतो, हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकली होती. सोळा वर्षं ती न हलता बसत आली होती. ही माणसं रजा काढून तेच शिकायला इतक्या लांब आली होती, आणि त्यांना वाटेल तेव्हा उठून जाताही येत होतं.

ढोलाला अक्षदाताईने गावच्या देवळातला भिकाजी बोलावला होता. भिकाजीला चाल येत होती एकच, अवसाराची. देव अंगात येतो त्याला गावात अवसार म्हणतात. तो देवळाच्या अंगणात येतो, तोही ठरलेल्या एका घराण्यातल्या पुरुषाच्या अंगात. देवळाचे मानकरी भाई, सत्तरी उलटलेले, यावरून भिकाजीवर चिडले होते.

“ही चाल देवळाभायर वाजवूची नाय,” ते म्हणाले. “कोण येयत आणि कोणाच्या आंगात येयत, तुका काय म्हायत?”

“ह्येंच्या आंगात खंयचो देव येतलो, भाई?” भिकाजी म्हणाला. “ह्येंका साधी दुधी पचना नाय.”

शेवटच्या दिवशी दुपारी चारला अक्षदाताईने गावाला बघायला बोलावलं. फुकटचा खेळ कोण सोडतो? अर्धा गाव सुरूखाली येऊन बसला. भाईसुद्धा आले, म्हणजे नाक मुरडायला आले, आणि पहिल्या रांगेत बसले. भिकाजीने ढोल धरला. माणसं डोळे मिटून घुमायला लागली. जान्हवी चुलीमागे ताटं घासत होती, विमला भाताचा टोप उतरवत होती.

तेवढ्यात बाबली आला. आदल्या रात्रीच त्याने पोरीवरून दम भरला होता, “उद्या चेडू थंय गेला तर पाय मोडून ठेवतलंय.” बोलल्यासारखा तो सरळ चुलीकडे गेला, पोरीची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला फरफटत गर्दीसमोर आणली. शिंपल्यांनी तिचे गुडघे सोलून निघाले. ती उठायला गेली तशी त्याने पोटात लाथ घातली. परत उठायला गेली, परत घातली. अक्षदाताई धावली, “अहो, सोडा तिला, सोडा,” म्हणून त्याचा हात धरला. त्याने तिला असं ढकललं की ती तोंडावर पडली. नाचणाऱ्यांचे डोळे मिटलेले. बँकेतला साहेब अस्वल होऊन पोरीच्या उशाशीच रांगत गेला. गावाचे डोळे मात्र उघडे होते. “त्येच्या घरचा तो बघतलो,” कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. भिकाजीला दिसत होतं, पण त्याने ढोल थांबवला नाही. अवसाराची चाल मध्येच तोडत नाहीत.

विमलाने टोप सोडला. अर्धा भात वाळूत सांडला.

देव आला नव्हता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. आला होता तो राग, सोळा वर्षांचा, आणि त्याच्या पाठोपाठ एक हिशेबी विचार. बायको म्हणून ती मध्ये पडली तर दोघी मार खातील आणि गाव बघत राहील. अवसाराला मात्र कुणी हात लावत नाही. लहानपणापासून बायकांच्या रांगेतून तिने तो बघितलेला होता. खांदे कसे उडतात, श्वास कसा फुंकरत येतो, सगळं तिला पाठ होतं. तिने केस सोडले, घुमायला लागली, वाटेत झावळीचं जाड थोटूक पडलं होतं ते उचललं आणि बाबलीच्या तोंडावर हाणलं.

दोन दात त्याच्या सदऱ्यावर पडले. दुसरा फटका खांद्यावर बसला, तिसरा डोक्यात. वेणी सुटली. तो गुडघ्यांवर आला तरी ती मारत राहिली, पाठीवर, मानेवर, हातांच्या कोपरांवर, जिथं जिथं तो तिला मारत आला होता तिथं तिथं. तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. सुगंधा नावाची शेजारीण पुढे होऊ लागली तशी तिच्या सासूने तिला मागे ओढली, “अवसार आसा तो, शिवा नको.”

भाई उठले. हात जोडून, पण शंकेनेच त्यांनी विचारलं, “कोण रे तू? देव आसस काय चाळो?” चाळो म्हणजे भूतखेत.

विमला नुसती फुंकारली.

“नाटका करता ती,” बाबली रक्त थुंकत म्हणाला. “बाईलमाणसाच्या आंगात कधी इललो तो? भाई, कापूर लावा हातार. हात मागे घेतल्यान तर बायको माझी. मगे मी काय ता बघतंय.”

त्याचं म्हणणं रीतीला धरून होतं. तळहातावर कापूर पेटवायचा, विझेपर्यंत हात हलला नाही तर तो देव. देवाचा हात भाजत नाही. भाईंनी बुद्धापुढच्या ताटलीतल्या कापराच्या चार वड्या उचलल्या. त्या सकाळी विमलानेच तिथं ठेवल्या होत्या. तिने उजवा हात पुढे केला आणि भाईंनी काडी ओढली.

आधी नुसता उजेड वाटला. मग जे आलं त्याला दुखणं म्हणणं म्हणजे चेष्टाच. ताईने सांगितल्यासारखं तिने त्याच्याकडे बघितलं. येतं आणि जातं म्हणे. आलं खरं, जायचं नाव काढीना. कातडी आकसल्याचं तिला कळलं, जळक्या मांसाचा वास नाकात गेला. तो वास कापराच्या वासाखाली दडावा म्हणून तिने मनातल्या मनात खऱ्या देवाचा धावा केला. मग तिने बघणं सोडलं आणि दोर पाठीवर पडायचा तेव्हा जे करायची तेच केलं. दात आवळले आणि कुठेच नसल्यासारखी उभी राहिली. हात हलला नाही. कापूर विझला. तिने लगेच मूठ मिटली.

“व्हय म्हाराजा,” सगळा गाव एका आवाजात म्हणाला. सुरूच्या बनात दहा दिवसांत एवढी शांतता झाली नव्हती. भिकाजीचा ढोल तेवढा हळू वाजत होता.

भाई वाकले. “चुकला माकला पदरात घे, म्हाराजा. तुका काय होया ता सांग.”

तिने एकच मागायचं ठरवलं होतं. पोरीला शिवणार नाही अशी बाबलीने सगळ्यांसमोर शपथ घ्यावी, नाक घासावं, बस. पण मुठीत आग होती आणि समोर पोर पोट धरून पडली होती. तोंडातून निघालं ते वेगळंच.

“जो हात चेडवार उठलो, तो हात माका होयो.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणाला.

विचार करून कुणीच म्हणालं नव्हतं. देवळातल्या गाऱ्हाण्यात एकेक मागणं आलं की गावाने होकार भरायचा, ही सवय जिभेलाच लागलेली असते. पण एकदा भरलेला होकार कुणाला मागे घेता येत नाही. चौघं उठले. मघाशी जे म्हणत होते की त्याच्या घरचं तो बघेल, त्यांतलेच दोघं. त्यांनी बाबलीला ओढत, वाळूवर काढून ठेवलेल्या होडीपाशी नेलं आणि त्याचा उजवा हात होडीच्या काठावर दाबून धरला. होडी ढकलायला खाली घालतात त्यातला एक ओंडका तिसऱ्याने उचलला. चौथ्याच्या हातात नारळ सोलायचा कोयता होता. बाबली आता शिव्या देत नव्हता. “विमल, विमल,” एवढंच म्हणत होता.

भाईंचं तोंड उतरलं होतं. कोयत्याकडे बघून त्यांनी हात जोडले. “म्हाराजा, तोडूचो काय मोडूचो?”

अजून माफ करता आलं असतं. देव माफ करतात. पण धडधाकट हात आठ दिवसांत परत उठेल, आणि मुठीतली जखम कधी ना कधी त्याला दिसेल, हे तिला माहीत होतं. तेव्हा तो दोघींपैकी कुणालाच जिवंत ठेवणार नाही.

“आये, नको,” जान्हवी वाळूतून म्हणाली. मग उठून बसली आणि मोठ्याने म्हणाली, “आये.”

तिकडे वळून बघितलं तर आपण आई होऊ, आणि आई झालो तर संपलं, म्हणून विमलाने बघितलं नाही.

“मोड,” ती म्हणाली.

ओंडका दोनदा खाली आला. पहिल्याने हाड मोडलं, दुसऱ्याने हात मनगटापासून बोटांपर्यंत चेपला. बाबलीच्या किंकाळीने नाचणाऱ्यांनी डोळे उघडले. अक्षदाताईला दुसरं काय करावं सुचेना, तिने घंटा वाजवली. आणि त्या वीस-बावीस माणसांतली निम्मी, सवयीने, जिथल्या तिथं मांडी घालून बसली.

सरकारी दवाखान्यात सांगितलं की हात होडीखाली सापडला. डॉक्टरने प्लास्टर घातलं आणि हा हात जाळ्याच्या कामाचा राहिला नाही असं सांगितलं. शिबिराची माणसं दुसऱ्याच सकाळी निघून गेली. आता बाबली दिवसभर ओसरीवर बसून असतो. विमला आत-बाहेर करायला लागली की पाय जवळ घेतो, बोलायचं झालं तर खाली बघून बोलतो. पोरीकडे तर तो बघतही नाही. जे हवं होतं ते झालं होतं. बायका नारळ घेऊन दारात यायला लागल्या, कुणाला मूल हवं, कुणाला जावेचा बंदोबस्त.

विमला हाताला फडकं गुंडाळून होती. भाताच्या टोपाने भाजलं असं तिने सांगितलं होतं. आठव्या दिवशी हात सुजला, ताप चढला, तेव्हा जान्हवी कोरफड कापून घेऊन आली. आईने हात मागे घेतला, पोरीने तो धरून आणला आणि फडकं सोडलं. तळहाताच्या मधोमध काळा गोल होता आणि भोवती पू.

जान्हवीने तो बराच वेळ बघितला. मग कोरफडीचा गर लावायला घेतला, अगदी हळू.

“मी तुका दोनदा हाक मारलंय,” ती म्हणाली. “आयकलंस?”

नाही म्हणणं सोपं होतं. देव अंगात असताना माणसाला काही ऐकू येत नाही, हे तर लहान पोरालाही माहीत असतं.

“आयकलंय,” विमला म्हणाली.

पोरीचा हात थांबला नाही. तिने नवं फडकं गुंडाळलं, गाठ मारली, दाताने टोक तोडलं. मग उठून तिने ताटात भात वाढला, त्यावर कढी घातली आणि ओसरीवर जाऊन बापाला भरवायला बसली.